कादंबरी संपली, पण आवडली की नाही हे ठरत नाही (शेवट उघड होतील, जपून वाचा)

पानखूण

गेल्या दोन महिन्यांत तीन कादंबऱ्या संपवल्या आणि तिन्हींच्या बाबतीत एकच पंचाईत झाली. बहिणीनं विचारलं, "कशी वाटली गं?" आणि मला धड उत्तर देता आलं नाही. 'छान' म्हणावं तर खोटं वाटतं, 'नाही आवडली' म्हणावं तर त्याहून खोटं.

पहिली 'ययाति'. कॉलेजात असताना वाचली होती, आता बावीस वर्षांनी तीच प्रत पुन्हा उघडली. खांडेकरांनी ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून सांगितली आहे, एवढं आठवत होतं. समासात मीच पेन्सिलीनं काय काय लिहून ठेवलंय ते मात्र साफ विसरले होते. देवयानीच्या एका पानाशेजारी 'किती दुष्ट!!' असं लिहिलंय, दोन उद्गारचिन्हं देऊन, आणि शेवटच्या चिन्हाला इतका जोर दिलाय की कागदाला मागून टिंब उमटलंय. शर्मिष्ठेच्या पानांवर मात्र नुसत्या रेघाच रेघा.

या खेपेला वाचताना मी देवयानीच्या बाजूनं भांडत होते. तिला बोलायला दिलंय खरं, पण बोलणं असं दिलंय की ऐकणाऱ्याला तिचा रागच यावा. कचानं नाकारलेली, पुढे नवऱ्यानं फसवलेली बाई ही. तिच्या संतापाला कारण आहे की! पण तिच्याच प्रकरणांत त्या कारणाला पुरती जागा मिळत नाही. एवढं भांडूनही पुस्तक खाली ठेववेना. रात्रीचा दीड वाजला तरी मी दिवा मालवला नव्हता.

दुसरी विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ ची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, त्यांच्यातली हेर्टा, आणि सांगणारा चक्रधर. लहानशी आहे, दोन बैठकांत झाली. भाषा इतकी आवरलेली की एक वाक्य काढायचं म्हटलं तर काढता येणार नाही. पण चक्रधर मला सोसवत नाही. त्याच्या डोळ्यांनीच हेर्टा बघावी लागते, याचा मला शेवटपर्यंत त्रास झाला.

तिसरी सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू'. आधी तनय बोलतो, मग अनुजा. सख्खे भाऊ-बहीण, दोघंही घरी राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात. तनयचा भाग संपला तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. मग अनुजाची डायरी सुरू झाली आणि मी हिरमुसले. आधीच्या आवाजातून बाहेरच यायचं नव्हतं मला.

तर प्रश्न असा: पुस्तक आवडलं किंवा नाही आवडलं हे तुम्ही कशावर ठरवता? शेवटावर? भाषेवर? माणसांवर? की महिन्याभरानं जे काही उरतं त्यावर?

निवांत

शेवट फुटणार असतील तर शीर्षकात लिहा ना ताई. 'कोबाल्ट ब्लू' माझ्या उशाशीच आहे, चाळीस पानं झालीत.

पानखूण

निवांत, चुकलंच माझं. शीर्षकात घातलंय आता. तुम्ही पुस्तक संपवेपर्यंत इकडे फिरकू नका, आणि संपलं की आधी तुमचं मत सांगा, मग आमची वाचा.

सरळरेघ

मी स्पष्टच सांगतो. 'संमिश्र भावना' म्हणजे आवडली नाही. नव्या लेखकाचं पुस्तक असतं तर तुम्ही एका ओळीत सांगून मोकळ्या झाला असता. 'ययाति'ला १९६० साली साहित्य अकादमी, खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ आणि तेही मराठीतलं पहिलं. एवढं सगळं पाठीशी असलं की आपली जीभ अडते. मग आपण म्हणतो, 'भाषा सुंदर आहे, पण...' त्या 'पण'च्या पुढे असतं ते आपलं खरं मत.

अबोली

सरळरेघ, नाही पटलं. त्यांना झोप लागली नाही हे तुम्ही वाचलंत ना? न आवडलेलं पुस्तक कोणाला रात्री दीडपर्यंत जागवतं?

पानखूण, देवयानीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. थोडी भर घालते. महाभारताच्या आदिपर्वात ही कथा आहे. वस्त्रांवरून भांडण होतं आणि शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलून निघून जाते. ययाति शिकारीला आलेला असतो, तो तिला उजवा हात धरून वर काढतो. म्हणजे कथेत पहिला घाव बसतो तो देवयानीला. त्यानंतर ती शर्मिष्ठेला दासी करून घेते, ते क्रूरच आहे, पण ते कुठून आलंय ते आपण पाहिलेलं असतं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात मात्र ती 'गर्विष्ठ' आणि दुसरी 'सोशिक' अशीच बसली आहे. मलाही शाळकरी वयापासून तसंच वाटत आलं होतं. हे वाटणं माझं स्वतःचं नाही, कुणीतरी मला तसं वाटायला लावलंय, हे कळायला पस्तिशी उजाडली.

आणि तरी मी 'ययाति' टाकून देणार नाही. देवयानीला 'मी' म्हणून बोलू द्यावं हे १९५९ साली सुचणं ही लहान गोष्ट नव्हती. खांडेकरांनी दार उघडलं, आत फार लांब गेले नाहीत. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात आणि त्यातली एक खोडावी असं वाटत नाही.

सरळरेघ

दार उघडून आत न जाणं म्हणजे कादंबरी अर्धी राहणं. तेच तर म्हणतोय.

जुनी_वही

माझा अनुभव 'कोसला'चा. तीन वेळा वाचली आणि तीन वेळा वेगळं वाटलं.

एकोणिसाव्या वर्षी वाचली तेव्हा पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच. आम्ही चार मित्र होतो, महिनाभर सगळे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' घातल्याशिवाय बोलत नव्हतो. घरचे वैतागले होते. तिशीत वाचली तेव्हा पहिली शंभर पानं भराभर उलटली, कारण आता मी कमावत होतो आणि वडिलांच्या पैशावर राहून वडिलांवर चिडणारा हा मुलगा मला आगाऊ वाटत होता. नेमाड्यांनी १९६३ मध्ये ती लिहिली तेव्हा ते स्वतः पंचविशीतले होते हे कळल्यावर तर 'तरीच' असं म्हणालो.

तिसऱ्यांदा चाळिशीत. तोवर माझी मुलगी सात वर्षांची झाली होती. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते ती पानं आली. एकोणिसाव्या वर्षी ती पानं मी वाचली होती, नक्की वाचली होती, पण खूण म्हणून एकही रेघ नाही माझ्या प्रतीत! या खेपेला त्या पानांवर मला थांबावं लागलं. शेजारच्या खोलीत जाऊन मुलगी झोपली आहे ना ते बघून आलो, आणि मग पुढे वाचलं. तोपर्यंतचा सगळा टवाळपणा, सगळं 'वगैरे वगैरे' त्या दुःखाला झाकायला चाललंय असं वाटायला लागलं.

तरीही पहिल्या भागातला त्याचा आगाऊपणा मला आजही खटकतो. तेव्हा पानखूण, माझ्याकडे एका पुस्तकाबद्दल तीन मतं आहेत आणि ती एकमेकांना खोडत नाहीत.

अबोली

जुनी_वही, मुलीला बघून आलात ते वाचून गलबलून आलं.

दीपमाळ

शेवटाचा मुद्दा आला म्हणून एक प्रयोग सांगते. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना थंड पाण्यात हात धरायला लावला. एकदा ६० सेकंद, १४ अंश सेल्सियसच्या पाण्यात. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. मग विचारलं, यातला कोणता अनुभव पुन्हा घ्याल? बहुतेकांनी लांबलेला निवडला. एकूण त्रास त्यात जास्तच होता, पण शेवट जरा सुसह्य होता. आठवण बनताना सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांनाच जास्त वजन मिळतं, असा त्यांचा निष्कर्ष.

कादंबरीचंही असंच होत असणार. पाचशे पानं रमून वाचलेली असतात, शेवटची वीस फसतात आणि आपण म्हणतो 'बिघडलं'. अहो, त्या चारशे ऐंशी पानांचा आनंद तर घेऊन झालेला असतो! तो कुठे गेला?

मुक्कामी

वा, दीपमाळ! यावरून डिकन्स आठवला. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' त्यानं १८६१ मध्ये पूर्ण केली. मूळ शेवटात नायक पिप आणि त्याला आवडणारी एस्टेला रस्त्यात ओझरते भेटतात आणि आपापल्या वाटेनं जातात, तिचं दुसरं लग्नही झालेलं असतं. बुल्वर-लिटन या लेखक मित्रानं छापण्याआधी तो वाचला आणि बदलायला सांगितला. डिकन्सनं बदललाही. नव्या शेवटात दोघं हातात हात घेऊन त्या पडक्या बागेतून बाहेर पडतात. आधीचा शेवट लोकांपुढे आला तो डिकन्स गेल्यावर, त्याच्या चरित्रात.

मी आधी छापील शेवट वाचला आणि खूश झालो. मग मूळचा वाचला आणि तेव्हापासून छापील शेवटावरचा विश्वासच उडाला. पण एवढ्यानं मधली कादंबरी माझ्यासाठी उणी झाली नाही. फरारी कैदी मॅग्विच जिना चढून पिपच्या खोलीत येतो ती रात्र तशीच्या तशी राहिली.

जुनी_वही

दीपमाळ, पाण्यातला हात आणि वाचन यांत एक फरक आहे. पाण्यातून हात काढला की संपलं. पुस्तक संपल्यावर आपण त्याच्याशी बोलत राहतो. महिनाभरानं एखादं पात्र रस्ता ओलांडताना आठवतं. शेवट कुठला म्हणायचा मग?

दीपमाळ

हे मान्य. प्रयोगात परत पान उलटायची सोय नव्हती.

कणीदार

'शाळा'बद्दल कुणी बोललं नाही अजून! बोकिलांची, २००४ ची. मुकुंद आणि शिरोडकर. ती निघून जाते तिथे मी इतका चिडलो होतो की पुस्तक कपाटात उलटं ठेवलं. आता वाटतं, नववीतल्या पोराला त्याहून वेगळा शेवट मिळाला असता तर तो खोटा वाटला असता. चिडलेला मी खरा आणि पटलेला मीही खरा.

ओलेती_पानं

थोडं विषयांतर. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचं काय करता तुम्ही? नेमाड्यांची 'हिंदू' मी तीनदा सुरू केली. मोहेंजोदारोचं उत्खनन, खंडेराव, वडिलांच्या आजारपणाची बातमी आणि घराकडे परतणं, इथपर्यंत दर वेळी ओढीनं जाते. मग गोष्टीतून गोष्ट, माणसातून माणूस असं सुरू होतं आणि दोनशे पानांच्या आसपास माझा धागा सुटतो. अपराधी वाटतं. पुस्तक समोर दिसलं की मी नजर चुकवते, उसने पैसे घेतल्यासारखं.

मुक्कामी

ओलेती_पानं, डॅनियल पेनाक या फ्रेंच लेखकानं १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितलेत. त्यात पानं गाळायचा हक्क आहे, पुस्तक न संपवायचाही आहे. तो अनेक वर्षं शिक्षक होता, मुलांना वाचनाची भीती का बसते ते जवळून पाहिलेला माणूस. तेव्हा नजर चुकवू नका.

आणि 'हिंदू' नावातच 'समृद्ध अडगळ' म्हणते. अडगळीच्या खोलीत कुणी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं जात नाही. मी मधूनच कुठूनही उघडून वाचतो. कधी पाच पानं, कधी पन्नास. मला त्यात फार सुख मिळालंय.

सरळरेघ

मुक्कामी, कुठूनही उघडून चालतं तर ती कादंबरी का म्हणायची? मी अख्खी वाचली आहे, क्रमानं. मधला भाग मलाही जड गेला. पण खंडेरावची आत्या, आज्या, गावातली माणसं एकावर एक रचत जातात तेव्हा वडील जाण्याचं वजन शेवटी कळतं. पानं गाळली असती तर ते कळलं नसतं.

पानखूण

सरळरेघ, म्हणजे तुम्हाला मधला भाग जड गेला आणि तरी तो हवाच होता. याला तुम्ही काय म्हणाल?

सरळरेघ

पकडलंत. :) विचार करून सांगतो.

रानवाट

मी इथे फारसा लिहीत नाही, वाचतो फक्त. पण हा धागा दोन दिवस डोक्यात आहे.

वडिलांची नजर गेली दोन वर्षं अधू झाली आहे. रोज रात्री जेवणानंतर मी त्यांना अर्धा तास वाचून दाखवतो. मागच्या महिन्यात 'बनगरवाडी' घेतली, माडगूळकरांची. त्यांनी ती तरुणपणी वाचली होती, मी वाचली नव्हती. मोठ्यानं वाचताना एक कळलं: त्यात सुशोभित वाक्यच नाही. कुठे आवाज चढवावा असं ठिकाणच सापडत नाही, सगळं सारख्या आवाजात वाचावं लागतं आणि तरी अंगावर येतं. वडील डोळे मिटून ऐकायचे. कारभारी बोलायला लागला की त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर हलायचा, जणू तेच बोलतायत.

शेवट जवळ आला. पाऊस नाही, मेंढरं खंगायला लागलेली. एका रात्री मी पान उलटलं तर ते म्हणाले, "आज इथंच थांब." मला वाटलं दमले. दुसऱ्या रात्री पुस्तक हातात घेतलं तर म्हणाले, "दुसरं काहीतरी वाच." पुढे काय होतं ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. अकरा दिवस आम्ही वर्तमानपत्र, जुने दिवाळी अंक, काहीबाही वाचलं. पुस्तक तिथेच, त्यांच्या उशापाशी. बाराव्या दिवशी स्वतःहून म्हणाले, "चल, आटपून टाकू." उरलेली पानं एका बैठकीत वाचली. वाडी ओस पडते तिथे माझा आवाज गेला आणि तेच पुढे म्हणाले, "वाच, वाच. होतं असं."

संपल्यावर मी विचारलं, "आवडली का?" ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पुन्हा नको. पण जपून ठेव."

पानखूण, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मला हेच आठवलं.

अबोली

रानवाट, लिहीत जा हो. एवढंच सांगते.

ओलेती_पानं

'पुन्हा नको. पण जपून ठेव.' माझ्याकडे असं पुस्तक म्हणजे उद्धव शेळक्यांची 'धग'. कौतिकवर एकामागून एक घाव बसतात आणि ती पुन्हा उभी राहते, पुन्हा बसतो. मराठीतली सर्वोत्तम कादंबरी कोणती असं विचारलं तर मी तिचंच नाव घेईन आणि पुन्हा वाचायला दिली तर हात मागे घेईन.

कणीदार

+१. 'धग' माझ्याकडेही तशीच. एकदाच वाचली, २००९ मध्ये, अजून तोंडपाठ आहे.

शिडाची_होडी

'रणांगण' मागे पडली, तिच्याकडे येते.

पानखूण, चक्रधर सोसवत नाही म्हणालात. मला वाटतं तो सोसवू नये असाच लिहिलाय. आधीच्या प्रेमातली जखम घेऊन तो बोटीवर चढतो आणि हेर्टाच्या जवळ जाताना स्वतःला राखून राहतो. पण माझ्या लक्षात राहिली ती एक साधी गोष्ट: चक्रधरला उतरायला बंदर आहे. बोट किनाऱ्याला लागली की तो आपल्या माणसांत जाणार. त्या ज्यूंना मागे जाता येत नाही आणि पुढे कोण घेईल ते ठाऊक नाही. त्या काळी व्हिसाशिवाय त्यांना उतरू देणारं शांघायसारखं ठिकाण जगात विरळाच होतं. मग त्या बोटीवरचं प्रेम बरोबरीचं कसं असणार? एकासाठी तो प्रवासातला काही दिवसांचा प्रसंग, दुसरीसाठी हातात उरलेलं शेवटचं काहीतरी.

आणि हे १९३९ ला छापलंय! पुढच्या सहा वर्षांत युरोपात काय झालं ते आज आपल्याला माहीत आहे, बेडेकरांना ते पुढचं माहीत असणं शक्यच नव्हतं. मी ही कादंबरी वाचताना सतत त्यांच्या पुढचं जाणून वाचत होते. हेर्टा हसली की मला भीती वाटायची. त्यामुळे चक्रधरचा राग जास्त आला की कमी, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

पानखूण

शिडाची_होडी, 'त्याला उतरायला बंदर आहे' हे मला अजिबात दिसलं नव्हतं. मी त्याच्या स्वभावावर चिडले होते. तुम्ही म्हणताय ते स्वभावापलीकडचं आहे. तो कितीही चांगला असता तरी ती दरी राहिलीच असती. आता पुन्हा वाचायला हवी.

शिडाची_होडी

वाचा. आणि या खेपेला लहान मुलांकडे लक्ष ठेवा. बोटीवर मुलंही आहेत.

मधली_सुट्टी

'कोबाल्ट ब्लू'बद्दल अनुजाची बाजू घेऊ का? मला भाऊ आहे, दीड वर्षानं मोठा. एकाच घरात, एकाच जिन्यावर, एकाच आईवडिलांकडे वाढलो. पण घरात घडलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल आम्ही बोलायला लागलो की दोघांची घरंच वेगळी निघतात. त्याला आठवतं ते मला नाही, मला लागलं ते त्याला कळलंही नाही.

अनुजाची डायरी सुरू झाली तेव्हा मीही हिरमुसले होते. तनय त्या मुलाला 'तू' म्हणून हाक मारत बोलतो, त्या 'तू'नं वाचणाऱ्यालाही धरून ठेवलेलं असतं. अनुजाकडे ती ऊब नाही, ती रोजचं लिहिते, बरं व्हायला लिहिते. पण थोडं पुढे गेल्यावर कळलं की माझा हिरमोड म्हणजे मी तनयची झाले होते. घरात एकाच भावंडाचं ऐकून घेणाऱ्या माणसांसारखी! आणि ज्याच्यासाठी एवढं झालं त्या मुलाला अख्ख्या पुस्तकात नाव नाही. दोघांकडेही तो पूर्ण नाहीच.

मला अजूनही तनयचा भाग जास्त आवडतो. पण अनुजाचा नसता तर तनयचा इतका एकटा वाटला नसता.

दीपमाळ

मधली_सुट्टी, 'मी तनयची झाले होते' हे वाचून पानखूण यांच्या पहिल्या मुद्द्याकडे परत जावंसं वाटलं. 'ययाति'त आपण शर्मिष्ठेचे होतो, 'रणांगण'मध्ये चक्रधरचे व्हायला आपला जीव तयार होत नाही, इथे तनयचे. तिन्ही कादंबऱ्या 'मी'नं सांगितलेल्या आहेत. पानखूण, तुमची निवडच अशी झाली आहे! 'मी' म्हणणारा माणूस आपल्याला बाजू घ्यायला लावतो. मग लेखकावर, स्वतःवर, कुणावर तरी राग येणारच.

सरळरेघ

विचार करून सांगतो म्हणालो होतो. 'हिंदू' मला आवडली आहे. मधली दोनशे पानं मला नकोशी झाली होती. दोन्ही खरं आहे. 'संमिश्र म्हणजे नाही आवडली' हे माझं वाक्य मी मागे घेतो. पण एक आग्रह सोडत नाही: काय खटकलं ते नेमकं सांगता आलं पाहिजे. पानखूण यांनी सांगितलंय, जुनी_वही यांनी सांगितलंय. 'काहीतरी कमी वाटलं' असं म्हणून सोडून देणं मला अजूनही आवडत नाही.

जुनी_वही

सरळरेघ, यावर आपलं एकमत.

पानखूण

काल 'ययाति' परत काढली. सगळी नाही, फक्त देवयानीची प्रकरणं, सलग. ययातिची आणि शर्मिष्ठेची पानं मुद्दाम गाळली, मुक्कामी यांनी सांगितलेला हक्क बजावून.

सलग वाचली तर वेगळीच बाई समोर येते. मधे कुणी येऊन तिची चुगली करत नाही. ती उद्धट आहेच, शब्दानं माणूस सोलून काढते, पण ती घाबरलेली आहे हे पहिल्यांदा दिसलं. सतत कुणीतरी आपल्याला सोडून जाईल या भीतीत आहे ती. हे खांडेकरांनीच लिहिलंय, बाहेरून मी नाही आणलं. म्हणजे अबोली म्हणतात तितके काही ते उंबऱ्यातच थांबले नव्हते. मीच शर्मिष्ठेच्या पानांवर रेघा मारण्यात गुंतले होते. तरीही शेवटाकडे तिला जे मिळतं ते मला आजही अपुरं वाटतं आणि ते मत बदललेलं नाही.

'किती दुष्ट!!' खोडलं नाही. खाली आजची तारीख घालून लिहिलं, 'आणि तिला विहिरीत कुणी ढकललं?' बहिणीला ही प्रत तशीच देणार आहे. तिला म्हटलं, "कशी आहे ते विचारू नकोस, वाच आणि तिसरं काहीतरी समासात लिही." 'रणांगण' मात्र आत्ता देणार नाही, माझी पुन्हा वाचून व्हायची आहे.

अबोली

उंबऱ्याचं मागे घेते. आजच काढते मी पण, देवयानीपुरती.

निवांत

'कोबाल्ट ब्लू' काल रात्री संपवली. ठरल्याप्रमाणे आधी माझं मत: मला अनुजाचा भाग जास्त आवडला. तनयचा वाचताना गुदमरायला झालं होतं.

आता धागा वरपासून वाचतो.